धाटाव परिसरात ससेपालन : मांस, लोकर व प्रदर्शन यांचा विचार

रोहे तालुक्यातील धाटाव हे गाव कुंडलिका नदीच्या खोऱ्यात वसले आहे. एका बाजूस औद्योगिक वसाहतीतील कारखाने व दुसऱ्या बाजूस भाताची खाचरे असे या भागाचे आजचे स्वरूप आहे. भिऱ्याच्या जलविद्युत केंद्रातून सुटणारे पाणी मिळत असल्याने कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती राहते. भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर वाल, चवळी यांसारखी कडधान्ये होतात आणि बांधावर व परसात हिरवा पाला बराच काळ उपलब्ध असतो. घरातील एक माणूस कारखान्यात व बाकीची माणसे शेतीवर, अशी अनेक कुटुंबांची विभागणी झालेली आहे. अशा कुटुंबांना थोड्या जागेत व थोड्या वेळात करता येण्याजोगा एखादा पूरक धंदा हवा असतो. ससेपालनाविषयी गावोगाव वारंवार विचारणा होते ती याच कारणाने.

ससा लवकर वाढतो, वर्षातून अनेकदा वितो, एका वेतात सहा ते आठ पिले देतो आणि माणसाच्या अन्नाशी स्पर्धा न करता बराचसा निर्वाह गवतपाल्यावर करतो. या गोष्टी खऱ्या आहेत. तथापि ससा हा मुळात थंड व कोरड्या हवेत सुखाने राहणारा प्राणी आहे. आणि रोहे तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो व चैत्र-वैशाखात अंगाची काहिली होते. सबब, इतर प्रांतांतील माहितीपत्रके वाचून तीच रीत येथे जशीच्या तशी चालवल्यास नुकसान ठरलेले आहे. या हवेत काय साधेल, काय साधणार नाही आणि कोणत्या बेताने साधेल, याचा विचार पुढे केला आहे.

पाळीव ससा व रानातील ससा

प्रथम एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. कोकणच्या माळावर व वरकस जमिनीत आढळणारा रानससा आणि पिंजऱ्यातील पाळीव ससा हे दोन भिन्न जातींचे प्राणी होत. पाळीव सशाच्या साऱ्या जाती युरोपातील बिळे करून राहणाऱ्या सशापासून निर्माण झाल्या आहेत. त्याची पिले जन्मतः उघडी, केसांवाचून व मिटलेल्या डोळ्यांची असतात. आपला रानससा बीळ खणत नाही. त्याची पिले केसांसह व उघड्या डोळ्यांनीच जन्मास येतात. या दोहोंचा संकर होत नाही. रानससा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित असून तो पकडणे, पाळणे अगर मारणे हा गुन्हा आहे. ‘रानातून दोन पिले धरून आणू व वाढवू’ असा विचार कोणी बोलून दाखविल्यास गावपातळीवरील कार्यकर्त्याने त्यास वेळीच सावध करावे.

त्याचप्रमाणे पाळीव ससे मोकळे सोडणेही अयोग्य होय. ऑस्ट्रेलियात १८५९ साली एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेने इंग्लंडहून आणलेले दोन डझन ससे सोडले. त्यांच्या वंशविस्ताराने पुढे त्या खंडातील कुरणे उजाड केली आणि त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी तेथील सरकारला रोगजंतूंचाही आश्रय घ्यावा लागला. आपल्याकडे हवा व शत्रुप्राणी यांमुळे तसे होण्याचा संभव कमी असला तरी कंटाळा आला म्हणून ससे रानात सोडून देणे हे प्राण्यासही क्रूर व शेजाऱ्यासही उपद्रवी आहे.

जातींची निवड

मांसासाठी न्यूझीलंड व्हाइट, कॅलिफोर्नियन, सोव्हिएट चिंचिला, व्हाइट जायंट व ग्रे जायंट या जाती भारतात प्रचलित आहेत. न्यूझीलंड व्हाइट ही जात नावावरून न्यूझीलंडची वाटली तरी तिची घडण अमेरिकेत झाली. ती शुभ्र रंगाची व तांबूस डोळ्यांची असते. कॅलिफोर्नियन जात पांढरी असून तिचे कान, नाक, पाय व शेपूट काळसर असते. सोव्हिएट चिंचिला राखी रंगाची असते. या जातींच्या पूर्ण वाढलेल्या सशांचे वजन चांगल्या व्यवस्थेत चार किलोच्या आसपास जाते. खेड्यातील व्यवस्थेत ते तीन ते साडेतीन किलोच राहते, हे हिशेबात धरावे.

राजस्थानातील अविकानगर येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने मांसाच्या सशांवर दीर्घकाळ काम केले आहे. तिचे दक्षिणेकडील केंद्र तामिळनाडूत कोडाईकनालजवळ मन्नवनूर येथे आहे, तर हिमाचल प्रदेशातील कुलू भागात गडसा येथील केंद्रात अंगोरा जातीवर काम चालते. ही दोन्ही केंद्रे डोंगराळ, थंड हवेत आहेत, ही गोष्ट धाटावच्या शेतकऱ्याने विसरू नये. तेथे सहज साधणारे उत्पादन येथे तितक्याच सहजतेने साधेल असे नाही.

सुरुवात करताना अनोळखी व्यापाऱ्याकडून मोठ्या संख्येने ससे घेऊ नयेत. चार ते पाच महिने वयाचे, डोळे स्वच्छ, नाक कोरडे, कान आतून निर्मळ, तळपाय केसाळ व जखमेविना, दात सरळ एकावर एक बसणारे असे ससे निवडून घ्यावेत. पुढच्या पायांच्या आतील बाजूचे केस चिकटलेले दिसल्यास तो ससा शिंकरा आहे असे समजावे. कारण आजारी ससा नाक पायाने पुसतो. नर व माद्या निरनिराळ्या रक्ताच्या असाव्यात. एका आईच्या पिलांची जोडी घेतल्यास दोन-तीन पिढ्यांतच पिलांची संख्या व जोम घटतो.

निवारा : या भागातील मुख्य प्रश्न

सशाला घाम येत नाही. अंगातील उष्णता तो मुख्यत्वे कानांच्या पातळ कातडीतून व श्वासावाटे बाहेर टाकतो. हवा तीस अंश सेल्सिअसच्या वर गेली की त्याचे खाणे कमी होते, नराचे वीर्य निकस होते आणि गाभण मादीच्या जिवास धोका उत्पन्न होतो. त्यातच हवा दमट असेल तर श्वासावाटे उष्णता जाण्याची वाटही अडते. कोकणात हे दोन्ही शत्रू एकत्र असतात. म्हणून येथे ससेपालनाचे यश खाद्याआधी निवाऱ्यावर ठरते.

खोप बांधताना तिची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे ऊन आत कमी शिरते. जागा उंचवट्याची, पाणी न तुंबणारी व आंबा, फणस यांसारख्या मोठ्या झाडाच्या सावलीची असावी. छपरास पत्रा घालणे टाळावे. कौले अगर पेंढा उत्तम. पत्राच घालणे भाग असेल तर त्यावर पेंढ्याचा अगर झापांचा जाड थर द्यावा. वळचण इतकी पुढे काढावी की पागोळ्यांचे शिंतोडे पिंजऱ्यापर्यंत येणार नाहीत. भिंती चारी बाजूंनी बंद करू नयेत. कमरेइतका कारवीचा कूड व वर जाळी एवढे पुरे होते. पावसाळ्यात झड नैर्ऋत्येकडून येते, म्हणून दक्षिण व पश्चिम बाजूंस उचलून बांधता येतील असे झापांचे अगर गोणपाटाचे पडदे ठेवावेत. झड थांबताच पडदे वर करावेत; कारण कोंडलेल्या हवेत मुताचा उग्र दर्प साठतो व त्यापासून नाकाचे व छातीचे विकार बळावतात.

पिंजरा जमिनीपासून सुमारे एक मीटर उंच असावा. एका मादीस साधारणतः ७५ सेंटिमीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद व ४५ सेंटिमीटर उंच एवढी जागा लागते. तळ तारेच्या जाळीचा केल्यास जाळीचे डोळे सुमारे १२ मिलिमीटरचे असावेत. त्यातून लेंड्या खाली पडतात, पण पिलांचे पाय अडकत नाहीत. तळ बांबूच्या चिवट्यांचा केल्यास त्या तासून गुळगुळीत कराव्यात व त्यांमध्ये तेवढीच फट ठेवावी. बांबू स्वस्त खरा. परंतु तो मूत शोषून घेतो व ससा तो कुरतडतो, म्हणून दर एक-दोन वर्षांनी तळ बदलण्याची तयारी हवी. जाळीवर सतत बसून तळपायांना जखमा होतात; यासाठी प्रत्येक पिंजऱ्यात एका कोपऱ्यात कोरडी फळी ठेवावी व ती दर आठवड्यास धुऊन उन्हात वाळवावी.

पिंजऱ्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यास मुंग्या चढत नाहीत. नवजात पिलांना मुंग्यांपासून मोठा धोका असतो. साप, घूस, मुंगूस, मांजर व मोकाट कुत्री हे इतर शत्रू होत. कुत्र्याने पिंजऱ्यास स्पर्श केला नाही तरी त्याच्या नुसत्या भुंकण्याने घाबरून गाभण मादी पिले टाकते, अगर व्यालेली मादी पिले तुडवते. उंदरांचा बंदोबस्त तर माणसासाठीही आवश्यक आहे. कारण भातशेतीच्या भागात लेप्टोस्पायरोसिस हा रोग उंदरांच्या मुतावाटे फैलावतो.

मार्च ते मे या काळात दुपारी पडदे ओले करावेत व छपरावर पाणी शिंपडावे. मात्र आत वारा खेळता ठेवावा. वारा बंद करून आत पाणी मारल्यास दमटपणा वाढून उलटाच परिणाम होतो. ससा मान वर करून तोंडाने धापा टाकू लागल्यास त्यास तत्काळ सावलीत व वाऱ्यात आणून कान थंड पाण्याने ओले करावेत. सारा ससा बर्फाच्या पाण्यात बुडवणे हे घातक होय.

चारा व खुराक

सशाचे आतडे तंतुमय चाऱ्यासाठी घडलेले आहे. तो दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. पहिल्या प्रकारच्या लेंड्या कोरड्या व गोल असतात. दुसऱ्या मऊ व घोसदार असून त्या तो थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. नवख्या शेतकऱ्यास ही खोड वाटते. पण ती खोड नव्हे. त्या मऊ लेंड्यांतून त्यास प्रथिने व जीवनसत्त्वे पुन्हा मिळतात. गाय रवंथ करते, त्यासारखीच ही निसर्गाची योजना आहे.

हिरव्या चाऱ्यात संकरित नेपियर, चवळी व वालाचा पाला, शेवरी, शेवग्याचा पाला, रताळ्याचे वेल, जास्वंदीची पाने ही या भागात सहज मिळतात. सुबाभूळ थोडीच द्यावी. तिच्यातील मिमोसिन या द्रव्यामुळे जास्त प्रमाणात दिल्यास केस गळतात व प्रजननावर परिणाम होतो. घाणेरी, रुई व कण्हेर विषारी असल्याने चाऱ्यात चुकूनही येऊ देऊ नयेत. कीटकनाशक फवारलेल्या पिकाचा पाला वर्ज्य समजावा. कारखान्यांचे सांडपाणी वाहणाऱ्या नाल्याच्या काठचे गवतही कापू नये.

पावसाळ्यातील भिजलेले कोवळे गवत हे पोटफुगी व हगवण यांचे मूळ होय. गवत आदल्या दिवशी कापून पडवीत पातळ पसरून कोमवावे व दुसऱ्या दिवशी घालावे. गवत पिंजऱ्याच्या तळावर टाकू नये, बाजूस लावलेल्या गव्हाणीत घालावे. मूत-लेंडीने माखलेला चारा पोटात गेल्यानेच बहुतेक रोग होतात.

खुराकात मका, भाताचा अगर गव्हाचा कोंडा, पेंड, क्षारमिश्रण व मीठ असावे. त्यातील प्रथिनांचे प्रमाण शेकडा सोळा ते अठरा व तंतूंचे प्रमाण शेकडा बाराच्या वर असल्यास चांगले. पूर्ण वाढलेल्या सशास दररोज १०० ते १२० ग्रॅम, दूध पाजणाऱ्या मादीस २०० ग्रॅमच्या वर व वाढत्या पिलांस वयाप्रमाणे ५० ते ९० ग्रॅम खुराक लागतो. कोकणच्या दमट हवेत शेंगदाण्याच्या पेंडीस बुरशी लवकर लागते व ती विष निर्माण करते. म्हणून पेंड एका महिन्यास पुरेल इतकीच आणावी, जमिनीपासून उंच माचावर ठेवावी, आणि कुबट वास येताच टाकून द्यावी. ती कोंबड्यांसही घालू नये.

पाणी स्वच्छ व सदैव समोर असावे. पिलांसह असलेली मादी दिवसास एक लिटरपर्यंत पाणी पिते. व्यालेल्या रात्री पाणी न मिळाल्यास तीच मादी स्वतःची पिले खाऊ शकते. यात तिचा दुष्टपणा नसून मालकाचे दुर्लक्ष असते.

प्रजनन

मध्यम जातीची मादी पाच ते सहा महिन्यांची व नर सहा ते सात महिन्यांचा झाल्यावर प्रजननास घ्यावा. आठ ते दहा माद्यांस एक नर पुरतो. गाय-म्हशीप्रमाणे सशात ठराविक दिवसांनी माज येत नाही. नराशी संयोग झाल्यानंतरच सुमारे दहा तासांनी मादीचे बीज सुटते. यामुळे मादी वर्षातील बहुतेक काळ फळू शकते.

मादी नेहमी नराच्या पिंजऱ्यात न्यावी. नर मादीच्या पिंजऱ्यात सोडल्यास ती आपल्या जागेसाठी भांडते व त्यास जखमी करते. वेळ पहाटेची अगर सायंकाळची निवडावी. संयोग होताच नर एकदम बाजूस कोसळतो. ही खूण दिसल्यावर मादी परत आणावी. काही तासांनी पुन्हा एकदा दाखविल्यास फळण्याची खात्री वाढते. रात्रभर दोघांना एकत्र ठेवू नये. त्यामुळे तारखेची नोंद राहत नाही.

बारा ते चौदा दिवसांनी अनुभवी माणसाने पोट हलक्या हाताने चाचपल्यास द्राक्षांएवढ्या गोळ्या हाताला लागतात. त्यावरून मादी गाभण असल्याचे समजते. गर्भकाळ तीस ते बत्तीस दिवसांचा असतो. अठ्ठाविसाव्या दिवशी विण्याची पेटी पिंजऱ्यात ठेवावी. पेटी सुमारे ५० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद व तितकीच उंच असावी; तळाला भोके पाडून वर कोरडा पेंढा घालावा. मादी आपल्या पोटाचे केस उपटून त्यात मऊ बिछाना करते. ऑक्टोबरच्या उकाड्यात हा बिछाना फार जाड झाल्यास थोडे केस काढून ठेवावेत व थंडीत परत घालावेत.

व्याल्यानंतर दुसऱ्या दिवशी शांतपणे पेटी तपासून मेलेली पिले काढावीत. मादी पिलांना दिवसातून बहुधा एकदाच, तेही काही मिनिटेच, दूध पाजते. ती सारा वेळ पिलांपासून दूर बसते म्हणून ‘टाकून दिली’ असे समजू नये. पिलांची पोटे गोल व कातडी तकतकीत असली की दूध मिळत आहे असे जाणावे. एका मादीजवळ सहा ते आठच पिले ठेवावीत. जास्तीची पिले दोन-तीन दिवसांच्या आत त्याच सुमारास व्यालेल्या दुसऱ्या मादीच्या पेटीत मिसळावीत. एवढ्यासाठीच दोन-तीन माद्या एकाच दिवशी फळवणे सोयीचे असते.

पिलांचे डोळे दहा ते बारा दिवसांत उघडतात. अठरा-वीस दिवसांनी ती पेटीबाहेर येऊन खाऊ लागतात. पाच आठवड्यांनी ती आईपासून तोडावीत. त्या वेळी पिलांची जागा बदलण्याऐवजी आईस दुसरीकडे न्यावे, म्हणजे पिले घाबरून चारा सोडत नाहीत.

धाटावच्या हवेस अनुसरून वर्षाचा क्रम

वर्षातून सहा-सात वेते घेता येतात असे जाहिरातींत म्हटलेले असते. ते थंड हवेत व कसबी हातांत शक्य आहे. या भागात चार वेतांवर समाधान मानणे शहाणपणाचे ठरेल. एप्रिल-मेच्या उष्म्याने बिघडलेले नराचे वीर्य पूर्ववत होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. म्हणून जूनमध्ये माद्या दाखवून फारसा उपयोग होत नाही. जुलैच्या अखेरीस पहिल्यांदा नर दाखवावा, म्हणजे पिले ऑगस्टच्या अखेरीस येतात. व्याल्यावर चार आठवड्यांनी पुन्हा मादी फळवावी. अशा रीतीने वेते ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबर व फेब्रुवारी या महिन्यांच्या उत्तरार्धात पडतात. फेब्रुवारीची पिले मार्चच्या अखेरीस तुटतात व मादीस एप्रिलपासून जुलैपर्यंत विश्रांती मिळते. कडक उन्हात एकही मादी गाभण राहत नाही, हा या क्रमाचा मोठा लाभ होय.

प्रत्येक पिंजऱ्यावर एक पत्रक टांगावे. त्यावर मादीचा क्रमांक, नराचा क्रमांक, दाखविल्याची तारीख, व्याल्याची तारीख, जन्मलेली व तोडलेली पिले आणि त्यांचे वजन एवढे लिहावे. सलग तीन वेतांत चारपेक्षा कमी पिले वाढविणारी मादी कळपातून काढावी. पुढील पिढीसाठी पिले ठेवताना ती रूपावरून न निवडता अधिक पिले वाढविणाऱ्या मादीच्या वेतातून निवडावीत.

रोग व त्यांचे निवारण

या भागात चार विकार मुख्य आहेत. पहिला कॉक्सिडिओसिस. हा लेंडीवाटे पसरतो व तुटलेल्या पिलांना पावसाळ्यात विशेष ग्रासतो. पिले मलूल होतात, पोट सुटते, हगवण लागते व ती पटापट मरतात. कोरडा तळ, उंच गव्हाण व रोजची सफाई हाच यावरील खरा उपाय. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पाण्यातून द्यावे. दुसरा शिंकरा रोग, म्हणजे पाश्चुरेल्ला जंतूंमुळे होणारे नाक व छातीचे दुखणे. असा ससा वेगळा काढावा व त्यापासून पैदास घेऊ नये. तिसरा खरूज. कानात खपल्या धरतात, नाक व पंजे खरबरीत होतात. ही खरूज हाताळणाऱ्या माणसासही काही काळ त्रास देते, म्हणून हात साबणाने धुवावेत. चौथा तळपायांच्या जखमा; त्याचा उपाय फळीच्या रूपाने वर सांगितलाच आहे.

येथे एक गंभीर सूचना देणे जरूर आहे. गुरांसाठी अगर माणसांसाठी घरात आणून ठेवलेले पेनिसिलिन, अँपिसिलिन यांसारखे औषध सशाच्या तोंडात घालू नये. त्याने आतड्यातील उपयुक्त जंतू नष्ट होऊन ससा हगवणीने दगावतो. कुत्र्यांच्या गोचिडांवर वापरले जाणारे फिप्रोनिल हे औषधही सशास विषारी आहे. नवीन आणलेले ससे निदान तीन आठवडे वेगळे ठेवल्याखेरीज कळपात मिसळू नयेत.

मांस, कातडी, लोकर व प्रदर्शन

बारा आठवड्यांच्या सशाचे वजन चांगल्या निगेत सुमारे दोन किलो भरते व त्यापासून निम्म्याच्या आसपास मांस मिळते. मांस पांढरे, मऊ व कमी चरबीचे असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मांसाची टंचाई पडली तेव्हा इंग्लंडमध्ये असंख्य कुटुंबांनी परसात ससे पाळून आपली गरज भागविली. आपल्याकडे मात्र सशाचे मांस खाण्याची सवय सार्वत्रिक नाही. काही धर्मपंथांत ते वर्ज्य आहे, तर काही घरांत ससा मारण्याचे मनच होत नाही. मांसविक्री २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली येते व प्राण्यांना वागवण्याबाबत १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा लागू आहे. म्हणून विक्रीस आरंभ करण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासन आणि ग्रामपंचायत यांच्याकडे परवान्याविषयी लेखी चौकशी करून उत्तर जपून ठेवावे.

लोकर व कातडी यांविषयी स्पष्टच सांगितले पाहिजे. लोकरीची जात म्हणजे अंगोरा. तिची लोकर सुमारे दर अडीच महिन्यांनी कातरतात. एवढे केस अंगावर घेऊन धाटावचा उन्हाळा काढणे या प्राण्यास अशक्य आहे. तो कुलूसारख्या थंड प्रदेशाचाच धंदा होय. दाट केसांची कातडीही थंडीतच उत्तम येते. उष्ण हवेत लव विरळ राहते आणि पावसाळ्यात कातडी वाळविणे दुरापास्त होते. सबब, या दोहोंचे उत्पन्न येथील हिशेबात शून्य धरावे.

प्रदर्शनासाठी ससे पाळण्याची रीत इंग्लंड-अमेरिकेत जुनी आहे. अमेरिकेतील ससेपालकांची राष्ट्रीय संघटना १९१० पासून व ब्रिटनमधील परिषद १९३४ पासून प्रत्येक जातीचे प्रमाण ठरवीत आली आहे. तेथील परीक्षक बांधा, केसांची दाटी, रंगाची स्वच्छता, वजन व प्रकृती यांस स्वतंत्र गुण देतात. आपल्याकडे या विक्रीवर पोट भरेल अशी स्थिती नाही. तथापि त्या पद्धतीतील एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. ती म्हणजे प्रत्येक प्राण्याचे नियमित वजन व वंशावळीची नोंद. तालुक्याच्या कृषी अगर पशुप्रदर्शनात आपली दोन उत्तम जनावरे नोंदींसह मांडल्यास पैदाशीसाठी पिले घेणारे जाणकार गिऱ्हाईक मिळण्यास मदत होते.

लेंड्या हे मात्र हमखास उत्पन्न होय. त्यांत गाईच्या शेणापेक्षा नत्र अधिक असते. कुजवून त्या भाजीच्या वाफ्यांस, वालास व आंब्याच्या कलमांस घालाव्यात.

नमुन्याचा हिशेब

पाच माद्या व एक नर असे सहा ससे घेतले असे समजू. प्रत्येक मादीची चार वेते व प्रत्येक वेतात तोडणीपर्यंत वाचलेली पाच पिले धरल्यास वर्षास शंभर पिले होतात. त्यांपैकी नव्वद विक्रीच्या वजनास पोहोचली, तर प्रत्येकी दोन किलोप्रमाणे १८० किलो जिवंत वजन मिळेल.

खुराकाचा खर्च असा : सहा मोठ्या सशांस दररोज १२० ग्रॅमप्रमाणे वर्षास सुमारे २६३ किलो, दुधावरील माद्यांस वीस वेतांत तीस-तीस दिवस १०० ग्रॅम जादा, म्हणजे ६० किलो, शंभर पिलांस तोडणीपासून विक्रीपर्यंत प्रत्येकी साडेतीन किलो, म्हणजे ३५० किलो. एकूण ६७३ किलो. म्हणजेच विकल्या जाणाऱ्या प्रत्येक किलो जिवंत वजनामागे सुमारे पावणेचार किलो खुराक जातो. खुराकाचा भाव किलोस ३० रुपये धरल्यास केवळ खुराकाचाच खर्च जिवंत किलोमागे सुमारे ११२ रुपये व मांसाच्या किलोमागे त्याच्या दुप्पट येतो. पिंजरे, औषध व मजुरी त्यावर वेगळी. प्रत्येक शेतकऱ्याने येथे आपल्या गावचा चालू भाव घालून हा हिशेब स्वतः मांडावा, आणि रोहे, नागोठणे, कोलाड येथील खानावळवाले व मांसविक्रेते काय भाव देतील हे समक्ष विचारावे. विचारल्यावर भाव खर्चापेक्षा कमी निघाला, तर धंदा न करणे हाच त्या वर्षीचा नफा होय.

हमी-खरेदीच्या योजनांपासून सावधगिरी

ससेपालनातील सर्वांत मोठे नुकसान रोगाने होत नाही. ते करारांनी होते. ‘आमच्याकडून पिंजऱ्यांसह ससे घ्या, पिले आम्हीच चढ्या भावाने विकत घेऊ’ असे सांगणाऱ्या योजना निघतात. २०१९ साली सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ कोंबड्यांच्या बाबतीत हाच प्रकार घडला व पुष्कळ कुटुंबांचे पैसे बुडाले. अशा योजनेत पहिल्यांना मिळणारा पैसा बाजारातून आलेला नसतो; तो नंतर येणाऱ्यांच्या ठेवीतून दिलेला असतो. नवीन माणसे येणे थांबले की खरेदीही थांबते, आणि शेतकऱ्याच्या हाती खाणारी तोंडे तेवढी राहतात.

ओळखण्याची खूण सोपी आहे. ससे अखेरीस कोण खाणार अगर कोण वापरणार, हा प्रश्न विचारावा. खाणाऱ्या गिऱ्हाइकाचे नाव-गाव न सांगता केवळ ‘परदेशी मागणी’, ‘औषधी कंपन्या’ अशी उत्तरे मिळाल्यास तेथून परतावे. दागिना गहाण टाकून अगर निवृत्तीचा पैसा मोडून अशा योजनेत पडणाऱ्या शेजाऱ्यास हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी गावपातळीवरील कार्यकर्त्याची आहे.

थोडक्यात

धाटाव व आसपासच्या गावांत ससेपालन हा परसातील लहान जोडधंदा म्हणून साधू शकतो; मोठ्या कर्जावर उभारलेला कारखाना म्हणून नव्हे. ज्याच्या घरी हिरवा पाला आहे, खोपीस दाट सावली आहे, सकाळ-संध्याकाळ एक-एक तास देणारे माणूस आहे आणि ओळखीचे गिऱ्हाईक आहे, त्याने दोन माद्या व एक नर घेऊन आरंभ करावा. एक पावसाळा व एक उन्हाळा त्यांसह काढावा. त्या वर्षातील पत्रके समोर ठेवून किती पिले जन्मली, किती वाचली व किती विकली गेली हे पाहावे, आणि मगच पुढील पिंजरा बांधावा. रोगाची शंका येताच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आजारी ससा व ताज्या लेंड्या घेऊन जावे.